'कार्तिकाचा घाला' नावाच्या मेसेजला उत्तर

माझी आत्या ७ नोव्हेंबरला सकाळी मागीलदारी पडली. पाऊस जाऊन दिवस झाले तरी जांभ्याच्या पायरीवर शेवाळ होतं. वय ७९. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून सांगितलं, उद्याच ऑपरेशन करू, उशीर नको. त्याच रात्री घरच्यांनी ते थांबवलं, कारण वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. आत्येने तो नातीकडून वाचून घेतला होता. माझा हात धरून म्हणाली, "माका नको रे झिला. कार्तिक सरांदे, मगे बघूया."

मेसेज असा. मथळा, 'कोकणावर कार्तिकाचा घाला'. म्हणणं असं की दर वर्षी ७ ते १५ नोव्हेंबर या नऊ दिवसांत कोकणची थोर माणसं अकाली जातात. पुराव्याला चार नावं: केशवसुत (७ नोव्हेंबर १९०५), महर्षी कर्वे (९ नोव्हेंबर १९६२), मधू दंडवते (१२ नोव्हेंबर २००५), विनोबा भावे (१५ नोव्हेंबर १९८२). त्यांच्या जोडीला साने गुरुजी आणि कान्होजी आंग्रे, तारीख न देता. कारण काय, तर कार्तिकातल्या उधाणाची ओढ किनाऱ्यावरच्या माणसाच्या रक्तावर पडते. आणि शेवटी ठळक अक्षरांत: या दिवसांत साठीपुढच्या माणसाला सुरी लावू नका, रक्त काढू देऊ नका, दवाखान्यात रात्र काढू देऊ नका.

मी आधी त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलणार आहे, कारण बाकी सगळं खोटं ठरलं तरी त्याने कुणी मरत नाही. या ओळीने मरू शकतं.

म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की खरा धोका आडवं पडून राहण्यात असतो. हलता येत नाही म्हणून छातीत कफ साठतो, न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्यातली एखादी फुप्फुसात जाऊन अडकते. पाठीला, टाचांना जखमा होतात. दुखण्यामुळे जेवण तुटतं, माणूस भ्रमात बोलू लागतो. म्हणूनच ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की असं ऑपरेशन रुग्ण दाखल झाला त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्हावं. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं, नाइसचं नाव न घेता. जगभरच्या रुग्णांच्या अनुभवातून आलेली ती सूचना एका बाजूला, आणि कुणी लिहिला हेही माहीत नसलेला मेसेज दुसऱ्या बाजूला. आमच्या घरात दोन दिवस तो मेसेज जिंकला. त्या दोन दिवसांत आत्येच्या माकडहाडापाशी कातडी लाल झाली. मी ती पाहिली आहे.

आणि रक्त काढू नका म्हणजे काय? हे दिवस भातकापणीचे, झोडणीचे. गुडघाभर चिखलात, उंदरांनी मुतलेल्या पाण्यात अनवाणी वावरलेल्या माणसाला ताप आला तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, शंका घ्यायची असते, आणि ती शंका रक्त तपासूनच फिटते. औषध वेळेत सुरू झालं तर बहुतेक माणूस उठतो. नाही झालं तर मूत्रपिंडं, यकृत, फुप्फुसं एकेक करून जातात. सिंधुदुर्गात हे कुणाला नवीन नाही, आरोग्यसेविका गोळ्या घेऊन शेतावर येतात ते याचसाठी. ज्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं त्या माणसाला नऊ दिवस दवाखान्यापासून लांब ठेवा म्हणणं तर त्याला मारणंच आहे. हे लिहिणाऱ्याला कळलं नसेल तर पुढे पाठवणाऱ्यांना कळायला हवं होतं.

आता उधाण. हा मुद्दा मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण तो समुद्राकाठच्या माणसांना सांगितला जातोय. उधाण-भांग काय असतं हे आमच्याकडे होडी ओढणाऱ्या पोरालाही कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. म्हणजे महिन्यातून दोनदा उधाण, वर्षातून चोविसेक वेळा. मग ते एका कार्तिकातच घात कसा करील? चंद्रसूर्याची ओढ समुद्रावर दिसते ती समुद्र हजारो मैल पसरलेला आहे म्हणून. तांब्यातल्या पाण्याला भरती येत नाही, तर माणसाच्या अंगातल्या पाच लिटर रक्ताला कुठून येणार?

पण ते विज्ञानही बाजूला ठेवा. ही चार माणसं गेली कुठे, एवढं तरी मेसेज लिहिणाऱ्याने पाहायचं होतं. केशवसुत हुबळीला गेले. कर्वे पुण्याला. विनोबा वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. चौघांत एकटे दंडवते समुद्राकाठच्या शहरात, मुंबईत गेले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडच्या किनाऱ्यावर या चौघांपैकी एकानेही प्राण सोडलेला नाही. ज्यांच्या नावावर आमच्या आत्येला समुद्राची भीती घातली, त्यातल्या तिघांच्या शेवटच्या दिवसांत समुद्र जवळपासही नव्हता.

तारखा मात्र बरोबर आहेत. हे मला मान्य करावंच लागतं. चारही तारखा मी मराठी विश्वकोश आणि इतर चरित्रनोंदींशी ताडून पाहिल्या, चुकलेल्या नाहीत. नऊ दिवसांत चार मोठी नावं एकत्र दिसली की मनात चर्र होतं, माझ्याही झालं. पण महिना कार्तिकच, हे खरं नाही. विनोबा गेले ते दिवाळीच्या अमावास्येला. त्या वर्षी अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबली होती आणि लक्ष्मीपूजन १५ नोव्हेंबरला आलं होतं. ती आश्विनातली अमावास्या, कार्तिक दुसऱ्या दिवशी लागला. कालनिर्णय भिंतीवर असलेल्या घरांनी इंग्रजी तारखा आणि मराठी महिना यांची ही सरमिसळ पकडू नये, याचं मला वाईट वाटतं.

पुढचा शब्द 'अकाली'. महर्षी कर्वे १८ एप्रिल १८५८ ला खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मले आणि १०४ वर्षांचे होऊन गेले. दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा एका सरकारी परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेला होता, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्याला तिथून परत पाठवलं होतं. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी हिंगण्याचा आश्रम उभा केला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, शंभरी गाठली त्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न घेतलं. त्यांच्या मरणाला अकाली म्हणणं म्हणजे त्या सगळ्या आयुष्याकडे न पाहणं आहे.

विनोबा ८७ वर्षांचे होते. पेण तालुक्यातल्या गागोद्याचा त्यांचा जन्म. हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध स्वतः होऊन सोडलं. आतेभावाने मला हेच उदाहरण दिलं, की विनोबांनीही औषध नाकारलं होतं. नाकारलं होतं, पूर्ण शुद्धीत, आयुष्याचं काम झालं असं ठरवून. माझी आत्या घाबरून नाही म्हणत होती. तिला जगायचं होतं, डिसेंबरात नातवाचं लग्न पाहायचं होतं. या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत.

केशवसुतांबद्दल 'अकाली' हा शब्द खरा आहे. मालगुंडचा हा कवी ३९ व्या वर्षी गेला, आणि मराठी कविता त्या दिवशी गरीब झाली. पण त्यांना नेलं प्लेगने. १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग त्या काळात गावंच्या गावं रिकामी करत होता. तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून पसरतो. पंचांगाशी त्याचा संबंध नाही.

दंडवत्यांचा मुद्दा माझ्या घरचा आहे. त्यांचा जन्म नगरचा, पण १९७१ पासून १९९१ पर्यंत राजापूर मतदारसंघाचे खासदार म्हणून त्यांना आम्ही आमचंच मानतो, त्यामुळे कोकणच्या यादीत त्यांचं नाव आलं याला माझी हरकत नाही. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आणल्या. कोकण रेल्वेचा ध्यास त्यांनी सोडला नाही, आणि जानेवारी १९९८ मध्ये सबंध मार्गावर गाडी धावली. माझी आत्या आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली ती त्याच मार्गावर, कणकवलीहून. खिडकीशी बसून बोगदे मोजत होती. दंडवते ८१ व्या वर्षी कर्करोगाने गेले, रुग्णालयात उपचार घेता घेता, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला, शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी. ज्या माणसाने मेल्यावरही डॉक्टरांच्या हाती स्वतःला सोपवलं, त्याचं नाव घेऊन म्हातारीला डॉक्टरांपासून पळवायचं, याला मी क्षमा करू शकत नाही.

उरलेली दोन नावं तर नोव्हेंबरात बसतच नाहीत. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, कान्होजी ४ जुलै १७२९ ला. तारीख लिहिली नाही ती म्हणूनच.

आतेभाऊ शेवटी म्हणाला, मग चार जण नऊ दिवसांतच कसे? तो आंब्याच्या धंद्यातला, म्हणून त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. दहा पेट्या उघडून त्यातले डागी आंबे तेवढे एका पेटीत भरले आणि ती एकच पेटी गिऱ्हाइकाला दाखवली, तर बाग किडली असंच त्याला वाटणार. मी त्याच्यासमोर बसून दोन पेट्या आणखी भरल्या. फेब्रुवारी: शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३, गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५, रत्नागिरीत तेरा वर्षं स्थानबद्ध असलेले सावरकर २६ फेब्रुवारी १९६६. मार्च: चिपळूणचे काशीनाथ घाणेकर २ मार्च १९८६, देवगडकडचे विंदा करंदीकर १४ मार्च २०१०, दापोलीकडचे श्री. ना. पेंडसे २३ मार्च २००७. अर्धा तासही लागला नाही. कोकणाने इतकी माणसं दिली आहेत की कुठलाही महिना घ्या, यादी भरते. मग त्या महिन्यांतही दवाखाने बंद ठेवायचे का, हे मी त्याला विचारलं. तो गप्प राहिला आणि थोड्या वेळाने डॉक्टरांना फोन करायला बाहेर गेला.

ऋतूंप्रमाणे दुखणी येतात, हे कुणी नाकारत नाही. पाऊस आणि त्यानंतरचे आठवडे लेप्टोचे, दोडामार्ग-सावंतवाडीकडे जानेवारीपासून पुढे गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचे. थंडीत म्हाताऱ्यांच्या छातीला जपावं लागतं हेही खरं. आपल्या आज्या महिन्यांची नावं घेऊन जे सांगायच्या त्यात असं बरंच शहाणपण होतं. पण त्या प्रत्येकामागे चिखल आहे, गोचीड आहे, गारठा आहे, आणि प्रत्येकावर करण्यासारखं काहीतरी आहे. या मेसेजमध्ये करण्यासारखं काहीच नाही, फक्त घरात बसून राहायचं आहे.

आत्येचं ऑपरेशन ११ तारखेला झालं, ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा. काल तिला वॉकर धरून उभं केलं. पाठीवरच्या जखमेला रोज ड्रेसिंग चालू आहे, ती भरायला वेळ लागेल असं नर्सने सांगितलं.

मेसेज अजून वाडीच्या ग्रुपवर आहे. आतेभावाने स्वतःचा डिलीट केला, पण त्याच्याकडून पुढे गेलेले परत येत नाहीत. शेजारच्या वाडीतल्या एका काकांनी तोच वाचून मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख रद्द केली असं आज सकाळी कळलं. संध्याकाळी हे सगळं छापून घेऊन त्यांच्याकडे जातोय. आतेभाऊ बरोबर येतोय.