काटा १२० च्या खाली राहिला, म्हणून इंजिन खोलायचं?

जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या फोनवर एक संदेश सारखा फिरतो आहे: ‘एक प्लग काढा, तिथे कॉम्प्रेशन गेज लावा, सेल्फ मारा. काटा १२० पीएसआयच्या खाली राहिला तर इंजिन बोअरला आलं. खात्रीसाठी प्लगच्या भोकातून ऑइल सोडा. काटा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह जळाले. सगळ्या सिलिंडरचा आकडा सारखा आला तर इंजिन ठणठणीत.’ पिस्टन सिलिंडरमधली हवा दाबतो तेव्हा तयार होणारा दाब हे गेज पीएसआय या एककात मोजतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा आणि हवेची ये-जा करणारे व्हॉल्व्ह तो दाब निसटू देत नाहीत. ‘बोअरला आलं’ म्हणजे सिलिंडर झिजला, आतून कापून घ्यायची वेळ आली. या संदेशावर विसंबून चांगली इंजिनं खोलली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी ‘एक प्लग काढा’. एक नाही, सगळे काढायचे. बाकीचे जागेवर असले की सेल्फला त्या सिलिंडरांचाही दाब रेटावा लागतो, इंजिन रेंगाळत फिरतं आणि काटा खाली राहतो. बॅटरी उतरलेली असली तरी तेच. त्याहून मोठी चूक ॲक्सिलरेटर न दाबण्याची. थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप, बंद असेल तर सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच शिरत नाही. मग दाबायचं काय? म्हणून इंजिन गरम करून घ्यायचं, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलचं कनेक्शन काढायचं, पेट्रोलचा पुरवठा बंद करायचा, एकाने पेडल तळापर्यंत दाबून धरायचं आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा, दाब द्यायचे. पहिल्याच दाबाला काटा कुठवर गेला तेही लिहून ठेवा. रिंगा झिजल्या असतील तर तो सुरुवातीला कमी असतो पण पुढे पायरीपायरीने चढतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर सुरुवातीलाही कमी आणि पुढेही फारसा हलत नाही.

गेजवरही डोळे झाकून विश्वास नको. त्याच्या नळीच्या टोकाला टायरच्या व्हॉल्व्हसारखीच दिसणारी पिन असते, पण तिची स्प्रिंग बरीच नरम असते. ती खराब झाल्यावर कोणी टायरची पिन बसवली, की चारही सिलिंडर उगाच कमी दाखवू लागतात.

आता १२० चा आकडा. सगळ्या इंजिनांना लागू होईल असा एक आकडा नसतोच. ज्याचं कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) ७ आहे आणि ज्याचं १० आहे, त्यांचा काटा एकाच जागी कसा थांबेल? पहिल्याला १२० म्हणजे उत्तम प्रकृती, दुसऱ्याला तोच आकडा आजाराचं लक्षण. त्यात उंचीचा हिशेब वेगळाच. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवेचा दाब साधारण ८५ टक्केच उरतो, त्यामुळे तेच निरोगी इंजिन तिथे कमी दाखवतं. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडायचा आणि सिलिंडरची एकमेकांशी तुलना करायची. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली गेला, तर मात्र कारण शोधायलाच हवं.

ऑइलची चाचणी खरी आहे, पण चमचाभर ऑइलची. भरपूर ओतलं तर ते पिस्टनवरची जागाच अडवतं आणि धडधाकट इंजिनचाही काटा चढतो. आडव्या सिलिंडरच्या इंजिनात ऑइल खालच्या बाजूला साचतं, रिंगभर पसरत नाही. तिथे या चाचणीवर भरवसा नको.

आणि काटा चढला नाही म्हणजे व्हॉल्व्ह जळालाच? माझ्या गाडीचे आकडे आले होते १४५, १४०, ९५, १४२. तिसऱ्यात ऑइल टाकूनही ९५ च. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवायचं जवळजवळ ठरलं होतं. इंजिन थंड झाल्यावर टॅपेट कव्हर काढलं, तर तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळका धूर बाहेर सोडणाऱ्या) टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागाच्या फटीत, फीलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पातंही शिरेना. मॅन्युअलप्रमाणे फट हवी होती ०.३०. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बसतो ती कड, झिजत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो, फट संपते आणि व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. टॅपेट सेट केलं, गाडी चालवून आणली, पुन्हा मोजलं: १३८. तसंच सोडलं असतं तर व्हॉल्व्ह खरोखरच जळाला असता, कारण त्याची बरीचशी उष्णता सीटमार्गे बाहेर जाते.

‘सारखा आकडा म्हणजे ठणठणीत’ हेही चूक. व्हॉल्व्ह कधी उघडायचे हे ठरवणारा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला की सगळेच सिलिंडर सारखेच खाली येतात. पिस्टनवर कार्बन साठला की आकडे वर जातात. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर आधी हेड गॅस्केटवर (हेडखालच्या सीलवर) संशय घ्या. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं मोजमाप तर धरूच नका. थोडी चालवा, मग मोजा.

एवढं करूनही शंका राहिली तर लीकडाउन चाचणी करून घ्या. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडतात. क्रँक फिरू नये म्हणून तो नीट धरून ठेवावा लागतो. मग कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून सुसकारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर बहुधा गॅस्केट.