वाढत्या पोराला आधी पोटभर जेवू घाला

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. मुलगी तेरा वर्षांची, पोट सारखं दुखतं म्हणून कुठल्यातरी जाहिरातीवरून घरी माणूस बोलावून रक्त दिलं आणि 'फूड सेन्सिटिव्हिटी'चा रिपोर्ट आला, पानंच्या पानं. त्यात लाल रंगात गहू, दूध, दही, अंडं, तूरडाळ, टोमॅटो, केळं, बदाम, लसूण आणि अजून काय काय. ती अगदी रडकुंडीला येऊन विचारत होती की तुझ्या लेकाला पण कितीतरी गोष्टी बंद आहेत ना गं, मग तू त्याला देतेस तरी काय? असे फोन मला हल्ली बरेच येतात, म्हणून तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितीये. मोठं झालंय, पण ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांनी वाचाच.

आधी त्या रिपोर्टबद्दल. ह्या पॅनलमध्ये बहुतेक वेळा रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) मोजतात. ते मुळात आपण तो पदार्थ खातो म्हणून तयार होतं. रोज वरण-भात जेवणाऱ्या पोरीच्या रिपोर्टात तूरडाळ लाल आली तर त्याचा अर्थ ती तूरडाळ खाते, इतकाच. युरोप, अमेरिका, कॅनडा, सगळीकडच्या ॲलर्जी डॉक्टरांच्या संघटनांनी स्पष्ट सांगितलंय की ह्या टेस्टवरून निदान करू नका. खरी ॲलर्जी बघायची तर नीट हिस्टरी, मग आयजीई ह्या दुसऱ्या प्रतिद्रव्याची रक्ततपासणी किंवा स्किन प्रिक (त्वचेवर थेंब टाकून हलकंसं टोचून बघतात ती), आणि तरीही शंका राहिली तर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांसमोर तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन. गव्हाचा संशय असेल, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडतं तो सिलिॲक नावाचा आजार असेल असं वाटलं, तर टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि त्यात काही आलं तर पुढे एंडोस्कोपी आणि बायोप्सी (नळी घालून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासणं). आणि हे सगळं होईपर्यंत गहू बंद करायचा नाही!! ही गोष्ट लोकांना माहीतच नसते. आधीच बंद केला तर टेस्ट नॉर्मल येऊ शकते आणि खरा आजार लपून राहतो. मैत्रिणीला म्हटलं, तू तो रिपोर्ट ठेव बाजूला, पोरीला नेहमीचं जेवायला वाढ आणि मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे.

आमच्याकडे लेकाला सिलिॲक आहे (बायोप्सी करून पक्कं झालेलं), शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि दूध पचत नाही. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक तिन्हीला सरसकट 'ॲलर्जी' म्हणतात तिथून सगळा घोळ सुरू होतो. दाण्याची खरी ॲलर्जी, म्हणजे पोटात गेला की काही मिनिटांत अंगावर गांध्या, ओठ सुजणं, श्वास लागणं. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हेच पहिलं औषध, सिट्रिझीनची गोळी नव्हे, हे घरात आजी-आजोबांसकट सगळ्यांना पाठ पाहिजे. सिलिॲकमध्ये ताबडतोब असं काही दिसेलच असं नाही, पण गहू, सातू (म्हणजे जव), राय (गव्हासारखं परदेशी धान्य, मोहरी नव्हे) ह्यातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला झालर असते तशी बारीक बारीक टोकं असतात, ती झडून सपाट होतात, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, उंची अडते, हिमोग्लोबिन पडतं, वयात येणं लांबतं. आणि दुधाचं म्हणाल तर दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्याच झालरीत तयार होतं, त्यामुळे सिलिॲकवाल्या बऱ्याच मुलांना सुरुवातीला दूध बाधतं आणि गहू बंद करून आतडं सावरलं की हळूहळू चालायला लागतं. म्हणजे गहू जन्मभर बंद, दाणे बंद, पण दूध कदाचित परत येणार. हा फरक माहीत नसता तर दूध पण कायमचं गेलं असतं ताटातून.

माझं म्हणणं हेच आहे. वाढत्या मुलाच्या ताटातून एक गोष्ट काढायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे पक्कं निदान आणि दुसरं म्हणजे त्या जागी काय येणार ह्याचं उत्तर. नुसतं बंद बंद बंद करत गेलं की रिॲक्शन टळते, पण पोरगं अर्धपोटी राहतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण अर्धपोटी राहिल्यावर अंगावर गांध्या उठत नाहीत.

ह्या वयाची भूक काय असते ते बघा. एनआयएनने (हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० साली आकडे दिलेत, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलाला ३३२०. बरोबर दुप्पट! १३ ते १५ च्या मुलाला २८६०. ह्या दोन वयांत मुलाचं प्रोटीन ४५ ग्रॅमपासून ५५ ग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे मी जेवढी जेवते त्याच्या दुप्पट त्या पोराने जेवायचं आहे आणि त्यातून पोळी, ब्रेड, पाव, बिस्किट, मॅगी, रवा, शेवया सगळं वजा. ग्राउंडवरून संध्याकाळी घरी आलं की सॅक दारातच टाकून "आई काहीतरी दे ना गं, जाम भूक लागलीये" म्हणून ओट्याशी उभं राहतं, तेव्हा त्याच्या हातात सफरचंद ठेवून चालत नाही हो. त्याला जेवणच लागतं.

तर आमच्याकडे कणा आहे तो भाकरीचा. पण भाकरी म्हटली की लोकांना वाटतं झालं, सुटला प्रश्न, ज्वारीत कुठे ग्लुटेन असतं? ज्वारीत नसतं, बाजरीत नाही, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा कशातच नाही. ग्लुटेन येतं गिरणीतून. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो, जात्याच्या खाचांत, कापडी नळीत, डब्यात सगळीकडे गव्हाचं पीठ, आणि मग त्यावर आपली ज्वारी पडते. आमचे गिरणीवाले काका खरंच चांगले आहेत, स्वतःहून सांगायचे, "ताई, आत्ताच गहू काढलाय, नका टाकू." पण त्यांनी तरी किती करायचं, आधी दोन किलो तांदूळ घालून जातं काढलं तरी खात्री काय? शेवटी घरघंटी घेतली आणि त्यात गव्हाचा एक दाणा जाऊ द्यायचा नाही असं ठरलं. मार्केट यार्डातून मालदांडी ज्वारी आणते, परातीत घालून निवडते, कारण पोत्यात चार-दोन गव्हाचे दाणे असतातच, आणि लागेल तसं चार दिवसांचं पीठ दळते. हे चार दिवसांचं दळण भाकरीसाठी पण उत्तमच, पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते आणि थापताना भाकरी कडेने चिरते. ताज्या पिठात कढत पाणी घालून चांगलं मळलं की नवशिक्यालाही जमते. एक भाकरी म्हणजे साधारण पन्नास-साठ ग्रॅम पीठ, दोनशे कॅलरीच्या आसपास, आणि तो एका वेळी तीन खातो.

घरात बाकीच्यांना पोळी लागते, ती आम्ही कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतो. सासूबाईंना सुरुवातीला हे अजिबात पटलं नव्हतं, घरात बाई असताना पोळ्या विकत? पण कणीक चाळताना उडते ती ओट्यावर, तव्यावर, फडक्यावर सगळीकडे बसते हे त्यांना एकदा उन्हाच्या तिरिपेत दाखवलं, त्यानंतर त्यांनीच कणकेचा डबा शेजारी देऊन टाकला.

मग लपलेला गहू. हिंग! बाजारातला पुडीतला हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ घालून केलेला असतो, आणि आपल्याकडे फोडणी हिंगाशिवाय होत नाही. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात, ते डबीवर वाचायचं, नाहीतर खडा हिंग घ्यायचा. थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात गहू असतो, आणि आजारी पोराला आपण काय देतो तर मऊ भात आणि मेतकूट. माल्टवाली दुधातली पावडर म्हणजे सातू. सोया सॉसमध्ये गहू. भाजणी आणि मेतकूट मी घरीच करते, गहू वगळून, चवीत कणभरही फरक पडत नाही.

दाण्याचं कूट हा तर आपला धर्मच आहे. कोशिंबिरीत कूट, भेंडीत कूट, आमटीत कूट, ठेच्यात, तिळगुळात, राजगिऱ्याच्या वडीत सुद्धा. त्याची जागा आमच्याकडे भाजलेले तीळ, कारळं, जवस आणि सुक्या खोबऱ्याने घेतलीये. आणि हे नुसतं चवीपुरतं नाही, कूट काढलं की त्याबरोबर प्रोटीन आणि चांगले फॅट जातात, ते कुठूनतरी भरून यायलाच पाहिजेत. काकडीच्या कोशिंबिरीत तिळाचं कूट घालून बघा एकदा. तेलाचं मात्र जपून. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याचं प्रोटीन राहू शकतं, आणि त्याच घाण्यावर करडई काढली असेल तर ती पण आमच्या कामाची नाही, म्हणून आम्ही पॅकबंद रिफाइंडच वापरतो, कुणी कितीही नाकं मुरडली तरी.

उपवासाचे पदार्थ ह्या मुलांसाठी खरं तर सोन्यासारखे, वरईचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, गहू कुठेच नाही. फक्त साबुदाण्यावर भूक भागवू नका, त्यात स्टार्चशिवाय जवळजवळ काही नाही. राजगिऱ्यात प्रोटीन गव्हापेक्षा जास्त असतं, त्याच्या पिठाची धिरडी लेकाला डब्यात फार आवडतात. भाकरी डब्यात कडक होते म्हणून डब्याला थालीपीठ, घावन, इडली, दडपे पोहे (दाणे सोडून). आणि अंडी, डाळी, रविवारी चिकन. महागड्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांच्या नादी फार लागू नका, त्यात बहुतेक वेळा स्टार्च, साखर आणि तेलच असतं, प्रवासापुरती ठीक.

कॅल्शियम ह्या वयात रोज हजार मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं आणि दूध नाही म्हटल्यावर घाबरायला होतं. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास असतं, तीळ आहेत, आणि लॅक्टोजचाच, म्हणजे दुधातल्या साखरेचाच, त्रास असेल तर दही-ताक बहुतेकांना चालतं. आमच्याकडे आधी ताक सुरू झालं, मग दही, आणि आता डॉक्टरांना विचारून पाव कप दूध नाचणीच्या सत्त्वात. ज्यांना दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र हे अजिबात करू नका, तो पूर्ण वेगळा प्रकार आहे.

आता बाहेरचं. "एका पोळीने काय होतंय", "आमच्या वेळी नव्हतं असलं काही", "सवय लावली की होतं सगळं", हे मी लग्नामुंजीत इतकं ऐकलंय. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमात ग्लुटेन-फ्री लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. मिलिग्रॅम! त्यावरून समजा पोळी किती मोठी झाली. हॉटेलात "दाणे नाहीत ना?" विचारलं की न बघता "नाही नाही मॅडम" म्हणतात, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जाते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना, आम्ही राग मानत नाही, आम्ही ताक पिऊन उठतो. पण खोटं 'नाही' जिवावर बेततं. पाकिटावर ॲलर्जेन लिहायची सक्ती आहे, ताटात वाढणाऱ्याने निदान खरं तरी सांगावं.

सिंहगडावर जातो तेव्हा आमची भाकरी, आमचं पिठलं डब्यात आणि मटक्यातलं दही तिथलं. मित्र त्यांच्या ताटातला कांदा त्याला देतात आणि त्याच्या डब्यातलं पिठलं घेतात. मित्रांना सगळं माहितीये, त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. पोराने हे स्वतःच्या तोंडाने, न लाजता सांगायला शिकणं फार महत्त्वाचं, कारण ह्या वयात चारचौघांत वेगळं नको म्हणून मुलं गुपचूप वडापाव खातात आणि मग घरी सांगत नाहीत.

बारावीनंतर तो कदाचित बाहेरगावी जाईल, त्याची मला खरी काळजी आहे. आत्तापासून भाकरी थापायला शिकवतीये, वरण-भात त्याला येतोच. पण आपल्या पुण्यात बाहेरगावची एवढी पोरं मेसवर जेवतात, पेठांमध्ये गल्लोगल्ली मेस आहेत, त्यांच्यातही अशी मुलं असणारच ना? ती काय खात असतील रोज? मेस चालवणाऱ्या ताया-दादांना माझी मनापासून विनंती आहे, सगळा स्वयंपाक बदलू नका, फक्त एक वेगळा तवा, एक वेगळी परात, घरघंटीचं ज्वारीचं पीठ, कूट न घातलेली एक भाजी आणि तांदळाच्या पिठाचा हिंग. चार पैसे जास्त घ्या, आई-बाप आनंदाने देतील. असं कुणी आधीच करत असेल तर मला मेसेज करा, माझ्याकडे विचारणाऱ्या आया आहेत, मी त्यांना तुमचा नंबर देईन.