म्हणे क्रूझर बाइकचा पुढचा ब्रेक गाडी उलटवतो!

परवा रात्री अकराला वाईहून मावसभावाचा मेसेज आला. 'दादा, हे वाच. उद्या गाडी मेस्त्रीकडे टाकतोय, मागच्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेकचं किट बसवायला.' खाली तोच फिरता फॉरवर्ड : 'क्रूझरवाल्यांनो, ब्रेक अपग्रेडची पाच सूत्रं.' मला तो तीन ग्रुपवर आधीच आला होता आणि मी हसून सोडून दिला होता. पण हा पोरगा जुन्या अ‍ॅव्हेंजर 220 वरून, म्हणजे लांब, बुटक्या क्रूझर मोटरसायकलवरून, रोज पसरणी घाट चढतो-उतरतो. आता सोडवत नाही.

सूत्र पहिलं, आणि हेच जीवावर बेतणारं : 'क्रूझर लांब आणि जड असते. पुढचा ब्रेक दाबला की गाडी डोक्यावरून उलटते. म्हणून सगळा पैसा मागच्या ब्रेकवर घाला.'

अहो, लांब आहे म्हणूनच तर उलटत नाही! उलटायला गाडी उंच आणि आखूड लागते. अ‍ॅव्हेंजरच्या दोन चाकांत जवळजवळ दीड मीटर अंतर आहे आणि बसणारा पार खाली बसलेला. स्वारासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटर वर आणि पुढचं चाक टेकतं तिथून 80 सेंटिमीटर मागे धरा. मागचं चाक उचलायचं तर गुरुत्वाकर्षणाच्या 1.3 पट जोराने ब्रेक लागायला हवा. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड 0.8 पटीच्या आसपास संपते. म्हणजे उलटण्याच्या कितीतरी आधी टायर घसरेल. पुढच्या ब्रेकने पडलेले लोक मीही पाहिलेत. ते उलटून नाही, घसरून पडले : रस्त्यावर वाळू, हँडल वळलेलं आणि घाबरून लिव्हर एकदम खेचलेला.

आता त्याच आकड्यांवर पुढचा हिशोब. जोरात ब्रेक लावला की भार पुढे झुकतो, पाऊण भाग पुढच्या चाकावर जातो. मागचं चाक हलकं पडतं, मग त्याला डिस्क लावा नाहीतर सोन्याचा ड्रम, ते फिरायचं थांबून लवकर लॉकच होणार, म्हणजे घसरणार. ताशी 60 वरून दोन्ही ब्रेकनी गाडी सुमारे 18 मीटरमध्ये थांबते, नुसत्या मागच्याने 43 लागतात. मध्ये एकामागे एक दोन एसटी उभ्या राहतील.

कागदावरचं गणित नको असेल तर हर्ट अहवाल घ्या. 1981 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातले 900 मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यात सापडलेली गोष्ट हीच : आणीबाणीत बहुतेक स्वार मागचा ब्रेक नको इतका दाबून चाक घसरवतात आणि पुढचा पुरेसा वापरतच नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी जी चूक म्हणून नोंदवली, ती आज आपण सूत्र म्हणून वाटतोय.

एवढं मान्य, नाइलाजाने : स्पोर्ट्स बाइकच्या मानाने क्रूझरचा मागचा ब्रेक जास्त कामाचा असतो, कारण मागे वजन जास्त. पण कामाचा म्हणजे एकटा पुरेसा नव्हे. आणि पसरणीसारख्या उतारावर पाय ठेवूनच उतरलात तर ड्रम तापून फुगतो आणि पेडल खाली खाली जायला लागतं. त्यावर उपाय खालचा गिअर. तो फुकट आहे.

दुसरं सूत्र, 'मोठा मास्टर सिलेंडर, दुप्पट ब्रेक.' मास्टर सिलेंडर म्हणजे लिव्हर दाबला की ब्रेकच्या तेलावर दाब देणारी नळकांडी. उलटं आहे. 12 मिलिमीटर व्यासाचा काढून 15 चा बसवलात तर त्याच बोटांच्या जोरात तेलाचा दाब तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो. लिव्हर मात्र कडक लागतो आणि माणसाला वाटतं, वा, काय ब्रेक झालाय!

तिसरं, 'डॉट 5 ब्रेक ऑइल टाका, आकडा मोठा तितकं भारी.' मग 5.1 त्याहून भारी? डॉट 3, 4 आणि 5.1 एका जातीचे, ग्लायकॉलचे. 5 सिलिकॉनचं, ते यांच्यात मिसळत नाही. जुन्या हार्लेंमध्ये डॉट 5 असायचं हे खरं, पण त्यांची सगळी यंत्रणाच त्यासाठी होती. आपल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर जे कोरलंय तेच टाका आणि वेळेवर बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 चा किमान उत्कलनबिंदू नवं असताना 230 अंश, पाणी शोषल्यावर 155. ब्रेक स्पंजी लागतो त्यामागे बहुधा हे जुनं तेल किंवा नळीतली हवा असते.

चौथं, ब्रेकच्या तेलाला स्टीलच्या जाळीची नळी? चांगली वस्तू. लिव्हरला नेमकेपणा येतो, ताकद वाढत नाही. पाचव्या सूत्रात एबीएसचा, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढायला सांगणाऱ्याशी मात्र मी बोलणार नाही. खडीवर एबीएसने अंतर थोडं वाढू शकतं, बरं, पण आपण खडीवर राहतो का?

भावाने किट रद्द केलं. पुढचे ब्रेक पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, ते बदलले, तेल बदलून हवा काढली आणि उरलेल्या पैशांत पुढचा टायर घेतला. रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर ताशी तीसवरून पुढचा लिव्हर हळूहळू आवळत थांबायचा सराव केला. संध्याकाळी त्याचा फोन : 'दादा, उलटली नाही.'