ब्रिटनमध्ये राहिलात म्हणून रक्तदान बंद? आता नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: १९८० ते १९९६ दरम्यान ब्रिटनमध्ये तीन महिने राहिलेल्यांना इथे कधीच रक्त देता येत नाही. नियम होता खरा, 'मॅड काउ' या गायींच्या मेंदूच्या, माणसालाही होऊ शकणाऱ्या आजाराच्या धास्तीने घातलेला. पण मे २०२२ च्या मार्गदर्शक सूचनेत एफडीएने (अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था) तो काढून टाकला, फ्रान्स-आयर्लंडचाही. पूर्वी परत पाठवलं असेल, तर रक्तपेढीला फोन करून जुनी नोंद तपासून घ्या.

आपल्याला खरा अडवतो तो मलेरियाचा नियम. मलेरिया असलेल्या देशात पाच वर्षांहून जास्त राहून आलेल्यांना सहसा तीन वर्षं थांबावं लागतं; तशा भागात नुसती सुट्टी घालवली तर तीन महिने.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.