नखाएवढ्या गिअरसाठी आख्खा डॅशबोर्ड

टक्. टक्. टक्. टक्.

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डच्या पोटातून हा आवाज सुरू होतो. पंधरा-वीस सेकंद चालतो आणि थांबतो. तापमान एका अंशाने बदललं की पुन्हा तेच. आणि मग एसी चालू असूनही समोरच्या जाळीतून माझ्या तोंडावर येते गरम हवा. कोमट नव्हे, गरम. शेजारच्या सीटवर बसलेला माणूस गारठून आपली जाळी बंद करतोय, आणि मी भर उन्हात घामाने निथळत स्टिअरिंग धरून बसलेय. पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत २२ अंश. तो आकडा मी काय मागितलंय तेवढंच सांगतो, मला काय मिळतंय ते नाही. एकही दिवा लागत नाही, एकही इशारा येत नाही. सात महिने मी हे काढले.

गाडी जुनी आहे, मान्य. पण इंजिन ठणठणीत, गिअर लोण्यासारखे पडतात, पत्र्याला गंज नाही. अशी गाडी केवळ या एका कारणासाठी विकून टाका म्हणणारे भेटले की माझं डोकंच फिरतं. चांगली चालणारी वस्तू का म्हणून फेकायची?

तीन ठिकाणी दाखवली. तिन्ही ठिकाणी गाडीत डोकंही न घालता एकच निदान: एसीचा गॅस. पहिले दोघे म्हणाले, कमी झालाय, भरून घ्या. अहो, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, जळून संपायला? बंद नळ्यांमधून तोच तो फिरत असतो. रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं किंचित झिरपतो, पण खरोखर कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. कमी गॅसमुळेही एक बाजू कमी गार लागू शकते, कारण मग कूलिंग कॉइलचा थोडाच भाग नीट थंड होतो. हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर म्हटलं, गेज लावा, दाब बघा. एकाने लावला नाही. दुसऱ्याने न मोजता भरला. माझ्या गाडीत हा गॅस (आर-१३४ए) किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर स्वच्छ छापलेलं आहे. वाचायला पाच सेकंद लागतात. तेही नाही. गॅस जास्त झाला, दाब वाढला, कॉम्प्रेसर कण्हू लागला आणि जी बाजू गार होती तिचाही गारवा गेला.

आणि मग तिसऱ्याने काय केलं? नळी लावली आणि जास्तीचा गॅस सरळ हवेत सोडून दिला. फुस्स. माझ्या डोळ्यांदेखत. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो, म्हणून तर तो मशिनने ओढून घ्यायचा असतो. मी बोलले तर म्हणे, "एवढ्याने काय होतंय?"

त्या दिवशी ठरवलं, आता स्वतःच बघायचं.

आत काय असतं ते एकदा कळलं की हा प्रकार अजिबात गूढ नाही, आणि म्हणूनच जास्त चीड येते. डॅशबोर्डच्या मागे एक मोठा प्लॅस्टिकचा डबा असतो. ब्लोअर त्यात हवा ढकलतो. ती कूलिंग कॉइलमधून गार होऊन पुढे येते. पुढे हीटरचा छोटा रेडिएटर, त्यातून इंजिनचं नव्वदेक अंशांचं पाणी फिरत असतं. मध्ये एक झडप. गार हवेतली किती हवा हीटरवरून जाऊ द्यायची आणि किती सरळ सोडायची, हे ती झडप ठरवते. माझ्या गाडीसारख्या गाडीत दोन्ही बाजूंना वेगळी झडप आणि प्रत्येक झडपेला एक छोटी मोटर. झडप अर्ध्यात अडकली की कॉम्प्रेसरने कितीही गार केलं तरी हीटर ते पुन्हा तापवणार. एवढंच.

आणि हे सिद्ध करायला काही महागडं यंत्र लागत नाही. इंजिन थंड असताना हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीला बॉनेटखाली नळी दाबायचा चिमटा लावला, गरम पाणी बंद केलं, मग इंजिन सुरू करून एसी लावला. दहा मिनिटांत माझ्या जाळीतून गार हवा! गॅस तोच, कॉम्प्रेसर तोच. म्हणजे दोष झडपेचा. एक चिमटा आणि दहा मिनिटं. तीन ठिकाणच्या तीन कारागिरांपैकी एकालाही हे करावंसं वाटलं नाही.

शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरला सगळं माहीत होतं! एसीच्या पॅनेलवरची दोन बटणं एकदम दाबून धरली की तो स्वतःची तपासणी करून कोड दाखवतो. कोड होता, "ड्रायव्हर साइड मोटर जागेवर पोचत नाही." सात महिने हे त्याच्या पोटात होतं. मालकाच्या पुस्तकात त्या दोन बटणांबद्दल एक ओळही नाही. का नाही? माझ्या गाडीला काय झालंय ते मला का कळू नये?

आता खरा संताप.

मला वाटलं, मोटर तर मोटर, तीन स्क्रू काढू आणि बदलू. दुरुस्तीचं पुस्तक उघडलं. बॅटरीची तार काढा. एअरबॅगसाठी काही मिनिटं थांबा. मधला कन्सोल काढा. स्टिअरिंग कॉलम खाली उतरवा. डॅशबोर्ड काढा. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि पुन्हा उघडलं, आपलं काही चुकलं का बघायला. चुकलं नव्हतं. कारखान्यात तो डबा आधी बसतो आणि बाकी सगळं त्याच्यावर रचत जातात. रचणाऱ्याला सोपं. पुढे कधी उघडायची वेळ आली तर उघडणाऱ्याने मरावं.

धाकटा भाऊ टॉर्च धरून बसला. आधी काहीही न काढता खालून हात घालून पाहिला. पॅडलच्या वर डोकं, मान मोडलेली, मनगट एका लोखंडी पट्टीच्या आणि हवेच्या नळाच्या मध्ये. तीन स्क्रूंपैकी दोन लागले हाताला. तिसरा त्या पट्टीच्या नेमका मागे. बोटाचं टोक त्याच्यावर टेकतं, पण पान्हा काही बसत नाही. पाऊण तास झगडले. भाऊ शेवटी म्हणाला, "ताई, हात काढ, रक्त येतंय." मनगटावर कापल्याचं मला कळलंही नव्हतं.

मग निघाला डॅशबोर्ड. दोन दिवस गेले. काढलेला प्रत्येक स्क्रू वाटीत, प्रत्येक वाटीवर चिठ्ठी, प्रत्येक जोडणीचा फोटो. जुनं प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ झालेलं, क्लिपा हात लावला की तुटतात. पाच तुटल्या. पाचही वेळा माझ्या पोटात गोळा आला.

मोटर हातात आली तेव्हा ती काडेपेटीपेक्षा थोडीशीच मोठी होती. उघडली. आतली विजेची मोटर छान. सुट्ट्या बॅटरीला तार लावली, भिरभिर फिरली. तांब्याच्या पट्ट्या स्वच्छ. आणि मग शेवटचा गिअर. पांढरं प्लॅस्टिक, माझ्या करंगळीच्या नखाएवढं, त्याचे तीन दाते उडालेले. टक् टक् म्हणजे हेच. मोटर फिरतेय, दाता नाही, गिअर घसरतोय, पुन्हा फिरतेय, पुन्हा घसरतोय. तीन दाते! एकेक मोहरीएवढा!

हा गिअर सुट्टा मिळत नाही. आख्खी मोटरच घ्यायची. आणि ती मोटर कंपनीने बनवणं बंद केलंय, कारण गाडी जुनी झाली. शेवटी भंगारात निघालेल्या तशाच एका गाडीची मिळाली. तिच्यातही तोच पांढरा गिअर, तितकाच जुना. पितळेचा का नाही करत? निदान जरा जाड प्लॅस्टिकचा? जो भाग बदलायला डॅशबोर्ड उचकटावा लागतो तो भाग सगळ्यात मजबूत हवा की सगळ्यात कच्चा?

(कुणी करणार असेल तर एक सांगते. नवी मोटर झडपेवर बसवायच्या आधी चुकूनही चावी फिरवू नका. अडवायला झडप नसल्यामुळे ती भलत्याच जागी जाऊन थांबते आणि मग दांड्याशी खाच जुळत नाही. आधी बसवा, मग बॅटरी जोडा, आणि सिस्टिमला झडपेची दोन्ही टोकं शोधून घेऊ द्या. तोवर एकही बटण दाबायचं नाही.)

सगळं परत लावलं. माझ्या बाजूला गार हवा आली, सात महिन्यांनी. पण डॅशबोर्ड आता खड्ड्यात करकरतो, आधी कधी करकरत नव्हता. त्या पाच क्लिपा.

आणि परवा दुसऱ्या बाजूने टक् टक् सुरू झालं. पॅसेंजर साइडची मोटर. मी ग्लोव्ह बॉक्स उघडला, दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडला, आणि ती समोरच होती. तिन्ही स्क्रू डोळ्यांसमोर. मी घड्याळ लावलं. जुनी काढून दुसरी बसवायला अकरा मिनिटं लागली. काढलेली मोटर उलटी करून बघितली, तर पाठीवर छापलेला नंबर माझ्या बाजूच्या मोटरचाच. तोच नंबर, तेच तीन स्क्रू, तोच पांढरा गिअर. म्हणजे हाताला लागेल अशी ती कुठे बसवायची हे त्यांना येत होतं. एका बाजूला करून दाखवलंय. मग माझ्या बाजूला ती पट्टी चार बोटं सरकवायला काय झालं होतं?