विन्याच्या बाथरूमची लादी

विन्याने घराचं काम काढलंय हे कट्ट्यावर आता कुणाला सांगायला नको, महिनाभर दुसरा विषयच नाही. काल मात्र तो लाद्यांचे नमुने पिशवीत घालूनच आला आणि चहाच्या बाकड्यावर मांडून बसला.

"दोन बाय चार, हायग्लॉस, पांढऱ्यावर करड्या शिरा. मोरबीचा माल आहे. बाथरूमला खाली-वर हीच. सांधा दिसता कामा नये. आत गेलं की हॉटेलात आल्यासारखं वाटलं पाहिजे!"

"बाथरूम केवढं?" दत्ताने विचारलं.

"पाच बाय सात."

"म्हणजे साडेचार लाद्यांत जमीन संपली. मग ढाळ कुठून देणार?"

दत्ता वीस वर्षं लाद्या बसवतोय, बोटांच्या पेरांतलं सिमेंट आता धुतलं तरी जात नाही. लादीच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूने असतो.

"नाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, कोपऱ्यात असतो," तो म्हणाला. "सगळी जमीन त्याच्याकडे उतरायला हवी. एक बाय एकची लादी तशी वळवता येते. दोन बाय चारची एक तर तिरकी कापायची, नाहीतर मधोमध डबकं. कापलीस की तुझा सांधा दिसणारच."

"सांधा दिसू दे," पक्या मध्येच म्हणाला, "पण शहाबादी घाल. आमच्या चाळीत मोरीला शहाबादी होती, एक माणूस कधी पडला नाही."

"खरखरीत होती म्हणून पडला नाही. पण ती पाणी पिते, काळी पडते. व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली, अर्धा टक्काही पीत नाही. घ्यायची तर व्हिट्रिफाइडच, फक्त मॅट घे."

"मॅट डल दिसते," विन्या म्हणाला. "आणि तिच्यात मळ अडकतो. शोरूमवाला म्हणाला."

"शोरूमवाला आंघोळ करतो का तुझ्याकडे?"

मग पक्याला विन्याची लाल बाइक आठवली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घेतलेली, सेकंडहँड. पहिल्याच दिवशी पक्याला मागे बसवून हा सरळ गटारात. "तेव्हाही रंग बघितला, ब्रेक नाही बघितला!"

"ब्रेक ठीक होते, तू हललास!" हे भांडण पंचवीस वर्षं चालू आहे, ते पुन्हा पहिल्यापासून झालं.

दत्ता मात्र विषयावर होता. "जुनी लादी फोडणार ना?"

"कशाला? वरच चिकटवायची. धूळ नाही, आवाज नाही, दोन दिवसांत काम."

"आणि उंबरा? बाथरूम बाहेरच्यापेक्षा खाली असायला हवं. वर थर चढवलास की पाणी थेट पॅसेजमध्ये. खालचं वॉटरप्रूफिंग तीस वर्षांचं, ते तसंच गाडून टाकणार? फोड, वॉटरप्रूफिंग कर, नाणी ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेव. खालच्या मजल्यावरची वहिनी छताकडे बघून काही बोलली नाही, की मगच लादी लाव."

विन्या ऐकेना. दत्ता उठला. दोन नमुने जमिनीवर ठेवले, टपरीवरच्या भांडी धुवायच्या बादलीतलं साबणाचं पाणी दोन्हींवर ओतलं. "चप्पल काढ."

विन्याने मॅटवर पाय ठेवला, उभा राहिला. हायग्लॉसवर टाच टेकवताच ती पुढे गेली. पक्याने दंड धरला म्हणून वाचला.

त्या क्षणी मला माझी आई दिसली. बिल्डरने दिलेली अशीच चकचकीत लादी, सकाळची वेळ, आणि तिचं मनगट. दीड महिना प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं, पण अजूनही ती आत जाताना भिंत धरते. विन्याची आई शहात्तरची आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, "भिंतीला लाव रे ती पांढरी. काकूंच्या पायाखाली नको."

विन्या गप्प झाला. कट्ट्यावर हे क्वचित होतं. मग हळूच म्हणाला, "पक्याने धरलं म्हणून वाचलो, नाही?"

"तेव्हा गटारातही मीच आधी पडलो होतो, तू माझ्यावर पडलास!" पक्या म्हणाला आणि विन्यासकट सगळे फुटले. तेवढ्यात चहावाल्या काकांनी ती ओली पांढरी लादी उचलली, फडक्याने पुसली आणि किटलीखाली सरकवली. "तुम्हाला नको असेल तर इथे बरी बसते."

विन्याने ती परत मागितली नाही.