कलम ८ ची नोंदणी म्हणजे कामाच्या परिणामाची पावती नव्हे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या महिलांच्या दालमिलला कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपनी म्हणून, नोंदणी मिळाल्याने ‘सरकारने सामाजिक कामाला मान्यता दिली’ असा मजकूर मोबाईलवर फिरत आहे. तो आनंदापोटी लिहिलेला असला तरी चुकीचा आहे. कंपनी कायदा, २०१३ मधील हे कलम लाभांश वाटण्यास मनाई करून नफा उद्दिष्टासाठीच वापरण्याचे बंधन घालते. महिलांच्या हाती किती पैसा आला, हे ते तपासत नाही. आयकर कायदा, १९६१ मधील ८० जी हे कलमही देणगीदाराच्या करसवलतीपुरते आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या देखरेखीखालील सोशल स्टॉक एक्स्चेंजवर, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता येतो त्या बाजारमंचावर, नोंदलेल्या संस्थांना मात्र आपल्या कामाचा काय परिणाम झाला याचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. आम्ही तेथे नोंदणी केलेली नाही. आमच्याकडे आज आहे ती वजनकाट्याशेजारची वही, जिच्यात प्रत्येकीने आणलेली तूर, मिळालेला भाव आणि तिची सही किंवा अंगठा आहे. ती कोणीही येऊन पाहावी.